मूल्यांची पारख

चि. मुक्ता हिस,


माणसाला मनापासून कशाची चाड आहे, ते त्याचे मूल्य. ती चाड वागण्यात मुरून सवय बनली की तो सद्गुण. खरे बोलावे असे जवळजवळ सगळ्यांनाच वाटते. पण वरिष्ठांनी खडसावून विचारले, वेळ मारून नेण्याची सोयही समोर होती, तरी ज्याच्या तोंडून खरे तेच बाहेर पडले, त्याच्या अंगी सत्यनिष्ठा आहे असे म्हणता येते. वाटण्यापासून अंगी बाणण्यापर्यंत बरीच वर्षे जातात. वाचनाने किंवा चांगल्या घरात जन्म झाल्याने ती वर्षे वाचत नाहीत.

आपली मूल्ये कोणती, हेच पुष्कळांना नीट ठाऊक नसते. विचारले तर प्रामाणिकपणा, कुटुंब, समाजसेवा ही नावे भराभर सांगितली जातात. ती शाळेतून, घरातल्या बोलण्यातून आलेली असतात. त्यात वावगे काही नाही, सर्वांची सुरुवात तिथूनच होते. पण खरी यादी वागण्यात सापडते. महिन्याचा जमाखर्च आणि रविवारचे रिकामे तास कुठे गेले, एवढे पाहिले तरी ती दिसू लागते. कुटुंब सर्वांत आधी म्हणणाऱ्याने आईला शेवटचा फोन कधी केला होता, हे मोबाइलमध्ये नोंदलेले असते. दुसरी खूण रागाची. आपले श्रेय दुसऱ्याने लाटले की भडका उडतो आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे लाटले की काहीच वाटत नाही, तर ती चीड अन्यायाची नव्हे, स्वतःच्या नावाची आहे. हे कबूल करणे जड जाते, पण शोध तिथूनच खरा सुरू होतो.

तिसरी खूण सर्वांत पक्की: कशासाठी काय सोडले. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले आणि कमालीच्या गरिबीत शिकले. एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीत मोठा पगार सहज मिळे. शिकत असतानाच आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलाच्या मोठ्या पगाराची आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ तो लोकांच्या कामी घालणार आहे. या पत्राचे नेहमी त्यागासाठी कौतुक होते. त्यातली अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. या निर्णयाची झळ आईलाही लागणार होती, आणि ते तिला आधी सांगितले गेले. मूल्य पाळणाऱ्याचा खर्च बहुधा घरातली माणसेही भरत असतात. त्यांना न विचारता, न सांगता पाळलेले तत्त्व कितीही उंच असले तरी त्यात कुणाचे तरी न मागता घेतलेले पैसे गुंतलेले असतात.

मूल्य कळले, की ते पाळता येईल अशा शब्दांत मांडावे लागते. ‘चांगले वागावे’ हे मोडले कधी, तेच कळत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सदस्यांना सात शपथा घ्याव्या लागत. देशाला मनात पहिले स्थान देणे ही पहिली. पण संस्था जी तरतूद करील तिच्यात समाधान मानून स्वतःसाठी वेगळे पैसे मिळवण्यात शक्ती न घालवणे आणि कुणाशीही वैयक्तिक भांडण न करणे, याही शपथा त्यात होत्या. पैशाची शपथ मोडली की वहीत दिसते, भांडणाची मोडली की त्याच संध्याकाळी कळते. सार्वजनिक कामात मतभेदांहून रुसवेफुगवे अधिक नुकसान करतात, हा अनुभव त्या शपथेमागे असावा.

सवय लावण्याचा एक जुना प्रयोग अमेरिकेतला आहे. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांनी तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी केली. छोट्या वहीत लाल शाईने रकाने आखले. आठवड्याचे वार आडवे, सद्गुण उभे. चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचे, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. नीटनेटकेपणा त्यांना अखेरपर्यंत साधला नाही, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. या पद्धतीतले मर्म एका वेळी एकच गुण धरण्यात आहे. नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला दहा संकल्प सोडणाऱ्यांचे काय होते, हे घरोघरी माहीत आहे.

पण या वहीची मर्यादाही मोठी होती. यादीत न्याय हा गुण होता, आणि फ्रँकलिन यांच्या घरात बरीच वर्षे गुलाम होते. आयुष्याच्या शेवटी ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. १७९० मध्ये अमेरिकी काँग्रेसकडे त्या संस्थेचा अर्जही त्यांच्या सहीने गेला. पण त्याआधी कित्येक वर्षे न्यायाच्या रकान्यात त्यासाठी ठिपका पडण्याचे कारण त्यांना दिसले नसावे. सगळा समाज जे बिनदिक्कत करतो, ते स्वतःच्या वहीत चूक म्हणून उमटत नाही. म्हणून आपल्या वागण्याची झळ ज्याला लागते, त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आत्मपरीक्षण पुरे होत नाही: घरकामाला येणाऱ्या बाई, हाताखालचा नवा मुलगा, ज्याला लग्नाच्या पंगतीत वेगळे बसवले गेले तो.

सर्वांत अवघड वेळ येते ती दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या की. १८९७ मध्ये गोखले भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगची साथ होती आणि प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेत होते. पुण्याच्या मित्रांकडून आलेल्या पत्रांत सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे होते. गोखल्यांनी ते तिथल्या वृत्तपत्रातून जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर ते परतले तेव्हा रँडचा खून झालेला होता, लोकमान्य टिळकांना अटक झाली होती, शहर धास्तावलेले होते. पुराव्यानिशी पुढे यायला कुणी तयार नव्हते. पत्रलेखकांची नावे सांगितली असती तर दोष वाटला गेला असता. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत, आणि सिद्ध न झालेला आरोप ऑगस्टमध्ये बिनशर्त मागे घेऊन जाहीर माफी मागितली. माफी गरजेपेक्षा अधिक नमती होती, असे तेव्हाही अनेकांना वाटले; स्वकीयांनी त्यांची कुचेष्टा केली, त्या वर्षीच्या राष्ट्रीय काँग्रेसच्या अमरावती अधिवेशनातही त्यांना अवहेलना सोसावी लागली. त्यांचे वय तेव्हा ३१ होते.

त्या निर्णयात सत्य, मित्रांची सुरक्षितता आणि स्वतःची इभ्रत अशा तीन गोष्टी होत्या. पहिल्या दोन राखल्या गेल्या. सोडली ती फक्त स्वतःची. मूल्यांचा क्रम असा प्रसंगीच ठरतो, मात्र त्याचा विचार आधी झालेला असला तर ऐन वेळी पाय डगमगत नाहीत. नोकरीला नव्याने लागलेल्याने खोटे बिल, मित्राची चूक झाकणे, वरिष्ठांच्या हो ला हो म्हणणे, यांतल्या प्रत्येकाची मर्यादा पहिल्या पगाराआधीच आखून घ्यावी. पगाराची आणि कर्जाच्या हप्त्याची सवय लागल्यावर ती रेघ आखणे फार कठीण जाते.

राहिला प्रश्न, ज्यांचा क्रम आपल्याहून वेगळा आहे त्यांच्याशी कसे वागावे याचा. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण यावरून टिळक आणि आगरकर यांची मैत्री तुटली, आणि गोखल्यांशी टिळकांचे आयुष्यभर पटले नाही. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा टिळकांनी आपल्या केसरी या वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून तातडीने पुण्याला आले आणि स्मशानात त्यांच्या गुणांविषयी बोलले. यासाठी तिघांपैकी कुणालाही आपले मत बदलावे लागले नव्हते.

तुझा,
मामा