‘पेटंट औषध’ आणि पेटंट : एक आवश्यक भेद

आपल्या व्यवसायात ‘पेटंट औषध’ हा शब्द नित्य वापरात आहे. निर्मात्याने स्वतःच्या पाठानुसार तयार करून विशिष्ट नावाने विक्रीस आणलेले, शास्त्रोक्त कल्पाहून वेगळे औषध, असा त्याचा रूढ अर्थ. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३ (एच) मध्ये ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ औषधाची व्याख्या आहे. त्यातील घटकद्रव्ये पहिल्या परिशिष्टातील चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश, योगरत्नाकर आदी प्रमाणग्रंथांतील पाठांत आलेली असावी लागतात. मात्र तो पाठ जसाच्या तसा ग्रंथोक्त नसावा.

हा परवाना म्हणजे पेटंट नव्हे. परवान्याने औषध बनविण्याची मुभा मिळते. इतरांना ते बनविण्यापासून रोखण्याचा अधिकार मिळत नाही. औषधाच्या नावाचे संरक्षण हा ट्रेडमार्कचा विषय आहे. पेटंट हा पेटंट कायदा, १९७० नुसार नवनिर्मितीला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मिळणारा स्वतंत्र हक्क आहे. तो कशास मिळतो व कशास मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात पाहू.

पात्रतेचे तीन निकष

१) नावीन्य : अर्जापूर्वी ती गोष्ट जगात कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी.
२) शोधकता : त्या विषयाच्या जाणकारास ती सहज सुचण्यासारखी नसावी.
३) औद्योगिक उपयोगिता : ती उद्योगात बनविता अथवा वापरता यावी.

हे निकष पूर्ण झाले तरी कलम ३ मधील अपवाद ओलांडावे लागतात. वैद्यांच्या दृष्टीने त्यांतील पुढील अपवाद महत्त्वाचे आहेत.

कशास पेटंट मिळत नाही?

अ) निसर्गात असलेल्या वस्तूचा केवळ शोध, तसेच वनस्पती वा तिचे अंग. रानात अपरिचित वनस्पती सापडली, तरी ती आपली निर्मिती होत नाही.
आ) ज्ञात द्रव्याचा केवळ नवा उपयोग. ज्वरात वापरले जाणारे द्रव्य प्रमेहात उपयोगी पडते, एवढे निरीक्षण पुरेसे नाही.
इ) चिकित्सा व निदान यांच्या पद्धती. बस्तीचा नवा क्रम पेटंटयोग्य नाही. बस्ती देण्याचे खरोखर नवे उपकरण मात्र असू शकते.
ई) घटकांच्या गुणांची केवळ बेरीज असलेले मिश्रण.
उ) वस्तुतः पारंपरिक ज्ञान असलेली, अथवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांचे एकत्रीकरण वा पुनरावृत्ती असलेली गोष्ट. हे कलम ३ (पी) २००२ च्या दुरुस्तीने आले.

आपले बहुतेक अर्ज शेवटच्या दोन अपवादांवर अडतात. हा विचार आपल्याला परका नाही. प्रकृतिसमसमवायात कार्य कारणांच्या गुणांना अनुसरते. विकृतिविषमसमवायात घटकांत स्वतंत्रपणे न दिसणारा गुण प्रकट होतो. हळद व चुना यांच्या संयोगाने येणारा लाल रंग हे त्याचे परिचित उदाहरण. पेटंट परीक्षकास अपेक्षित असतो तो हा दुसरा प्रकार, आणि तो तुलनात्मक प्रयोगांच्या आकडेवारीने दाखवावा लागतो. अश्वगंधा बल्य, शतावरी बल्य, म्हणून दोहोंचे चूर्ण अधिक बल्य, हा युक्तिवाद तेथे टिकत नाही.

कशास मिळू शकते?

अनपेक्षित संयुक्त परिणाम सिद्ध झालेला योग, घनसत्त्व काढण्याची नवी प्रक्रिया, औषधाच्या वहनाची नवी रचना, नवे उपकरण यांचा विचार होऊ शकतो. पिप्पलीचे उदाहरण बोधप्रद आहे. त्रिकटूचा अनेक कल्पांतील वापर आपणांस ज्ञात आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी पिप्पलीतील पिपरिन आधुनिक औषधांचे शोषण वाढविते, हे प्रयोगांनी दाखविले. त्यातून २००९ साली भारतात क्षयावरील एक संयुक्त औषध आले. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम असून जोडीला १० मिलिग्रॅम पिपरिन आहे. मूळ सूचना परंपरेची. परंतु द्रव्य, मात्रा, संयोग व पुरावा नवा.

अपवाद आपल्याच हिताचे

हे नियम आयुर्वेदावर अन्याय करणारे आहेत, अशी तक्रार ऐकू येते. परंतु १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीच्या व्रणरोपण गुणावर पेटंट मिळाले होते, हे विसरून चालणार नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने ग्रंथ व १९५३ चा एक छापील निबंध यांसह लेखी पुरावे सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट ‘लिहिलेली कोठे आहे?’ या प्रश्नापुढे उभी करावी लागली. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारले गेले, ते याच अनुभवातून. ग्रंथोक्त ज्ञानावर परक्याला मालकी नको असेल, तर ती आपल्यालाही मागता येणार नाही.

एक सावधगिरी

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका तेलकल्पाची बदललेली पाकप्रक्रिया परिसंवादात सविस्तर वाचली व ती स्मरणिकेत छापूनही आली. पेटंटचा विचार मनात आला तो तीन वर्षांनी. तोवर नावीन्य आपल्याच हाताने संपले होते. विद्वत्सभेत वाचलेल्या वा तिच्या वृत्तांतात छापलेल्या निबंधासाठी कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे. युरोपात निबंधवाचनासाठी तशी सवलत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा :

१) प्रयोगांच्या दिनांकित नोंदी ठेवाव्यात.
२) ग्रंथ व पूर्वीची पेटंटे तपासावीत.
३) प्रथम अर्ज करावा. प्राथमिक विनिर्देशपत्र दिल्यास पूर्ण विनिर्देशपत्रासाठी १२ महिने मिळतात. महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे.
४) वनस्पतीचे मूळ व प्राप्तिस्थान अर्जात नमूद करावे, जैवविविधता कायद्याखालील पूर्तता २०२३ च्या दुरुस्तीसह जाणकाराकडून समजून घ्यावी.
५) त्यानंतरच निबंध वाचावा, छापावा व औषध विक्रीस आणावे.

सारांश, जे ग्रंथात आहे ते सर्वांचे आहे. जे आपण नव्याने सिद्ध केले, तेवढेच आपले. या दोहोंमधील रेषा ओळखणे, हाच पेटंटविषयक अभ्यासाचा आरंभ होय.