उन्हाळ्यात समुद्री मत्स्यपेटी थंड कशी राखावी

आदिलाबाद शहरालगतचे मावला हे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसलेले असून तेथील तलाव सर्वपरिचित आहे. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख हिवाळ्यात जितका गार, तितकाच उन्हाळ्यात तप्त असतो. मे महिन्यात पारा अनेकदा ४३ ते ४५ अंश सेल्सिअसवर जातो. दोन्ही समुद्रकिनारे येथून शेकडो किलोमीटर दूर आहेत. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याची, समुद्री जीवांची मत्स्यपेटी घरात ठेवणे ही हौस असली, तरी ती एक जबाबदारीही आहे. पेटीतील जीवांना सावलीत किंवा खोल पाण्यात जाण्याची सोय नसते. पाणी तापले म्हणजे ते तेथेच गुदमरतात.

उष्णतेने नेमके काय होते?

प्रवाळ परिसरातील बहुतेक जीवांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. सामान्य खारटपणाच्या समुद्री पाण्यात २५ अंशांस दर लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांस तो ६.२ मिलिग्रॅमवर येतो. याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, अशी ही दुहेरी अडचण आहे.

प्रवाळ तर याहून नाजूक. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवल त्यांना अन्न व रंग देते. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ हे शैवल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० व २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. अथांग समुद्रात जे घडते, ते शंभर लिटरच्या पेटीत एका दुपारीही घडू शकते.

माठाचा धडा

मावल्याच्या घराघरांतील माठ या प्रश्नाचे उत्तर देतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते व जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ५० वॅटचा पंप व दिवा दहा तास चालला, तर सुमारे ४३० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती सर्व पाण्यातच साठली, तर शंभर लिटर पाणी चार अंशांहून अधिक तापेल. मात्र पाऊण लिटर पाणी उडून गेले, की तितकीच उष्णता बाहेर पडते.

हे बाष्पीभवन हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरल्यास जो पारा दिसतो, त्याखाली या रीतीने पाणी थंड होत नाही. हवा ४३ अंश तप्त पण आर्द्रता २० टक्के असल्यास हा पारा सुमारे २५ अंशांवर राहतो. किनाऱ्यावर हवा ३४ अंशच असली, तरी आर्द्रता ६५ टक्के असल्यास तो २८ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे मावल्याची कोरडी हवा ही अडचण असली, तरी तीच साहाय्यकही आहे.

करावयाचे उपाय

१. पेटी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून व खिडकीपासून दूर ठेवावी. मागील व बाजूच्या काचांना थर्माकोलचे तक्ते लावावेत.

२. वरचे काचेचे झाकण काढून जाळी बसवावी, म्हणजे मासे उडी मारून बाहेर पडणार नाहीत. लहान पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा जाऊ द्यावा.

३. खोलीत कूलर असल्यास खिडकी उघडी ठेवावी. दमट हवा कोंडली, तर पंख्याचा उपयोग उरत नाही.

४. दिवे दुपारी न लावता सायंकाळनंतर लावावेत.

५. निकडीच्या वेळी गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवावी. एक लिटर बर्फाने शंभर लिटर पाणी सुमारे एक अंशाने उतरते. एकाच वेळी अनेक बाटल्या टाकू नयेत. अचानक गारठ्यानेही जीव दगावतात. पाणी गार करण्यासाठी तांब्याची नळी मुळीच वापरू नये, कारण तांबे समुद्री जीवांना विषारी आहे.

६. पाण्याचे तापमान सकाळी, दुपारी तीन वाजता व रात्री नोंदवहीत लिहावे.

उडालेले पाणी भरताना

वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहते. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या शंभर लिटर पाण्यातून सहा लिटर पाणी उडाले, तर क्षाराचे प्रमाण ३७ ग्रॅमच्या वर जाते. म्हणून रोजची घट क्लोरीनविरहित गोड्या पाण्यानेच भरावी. खारे पाणी घालू नये. खारे पाणी फक्त पेटीतील पाणी बदलताना तयार करावे व त्यासाठी समुद्री क्षारांचे मिश्रणच वापरावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

वीज गेल्यास

पहिला धोका उष्णतेपेक्षा प्राणवायूच्या अभावाचा असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात तयार ठेवावा. तो नसल्यास स्वच्छ भांड्याने पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत सोडत राहावे. त्या काळात माशांना खाद्य घालू नये.

प्रवाळांविषयी कायदा

महाराष्ट्रात मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातील प्रवाळ काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. परदेशी प्रवाळांनाही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध लागू आहेत. यास्तव घरच्या पेटीत कृत्रिम खडक व पैदास केंद्रात वाढविलेले क्लाउनफिशसारखे मासे ठेवणे इष्ट. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अशा माशांची पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे.

निर्णयापूर्वी

पेटी विकत घेण्यापूर्वी एका उन्हाळ्याची चाचणी घ्यावी. काचपेटीत नुसते पाणी भरून, पंप व पंखा चालवून, मे महिन्यात त्याचे तापमान पंधरा दिवस लिहून ठेवावे. दुपारचा पारा २८ अंशांच्या आत राहत असेल, तरच समुद्री जीव आणावेत. अन्यथा गोड्या पाण्यातील गप्पीसारखे काटक मासे पाळावेत. जो जीव जगविता येईल, तोच घरात आणणे हे मत्स्यपालनाचे पहिले सूत्र होय.