बेडकातला ‘बे’

वारंगा फाटा

चि. भाचीस,


तिसरीच्या वर्गाला उपसर्ग-प्रत्यय कसे शिकवावेत, असं तू विचारलंस. माझं मत असं, की व्याख्या आणि याद्या तूर्त बाजूला ठेव. मुलांना शब्द फोडायला शिकव, आणि सुरुवात प्रत्ययापासून कर. फाट्यावरचं पोर नांदेडला, हिंगोलीहून, कळमनुरीकडं हे दिवसभर ऐकतं नि बोलतं. प्रत्यय त्याच्या तोंडी आधीच आहेत, कागदावर ओळखायचे तेवढे राहिलेत.

देवनागरीत बोलतो तसंच लिहितो, मग बाराखडी पक्की झाली की पुरे, असं शाळेतलं कुणी म्हणेलच. हे अर्धंच खरं आहे. ‘बेजबाबदारपणामुळे’ हा शब्द बाराखडी येणारं मूलही एकेक अक्षर लावत वाचतं आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. तोच शब्द फळ्यावर उभ्या रेघा मारून लिही: बे, जबाबदार, पणा, मुळे. मग ‘शहाणपणामुळे’ला वेगळी मेहनत पडत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ नुसत्या कानानं कळत नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ काढायची हाताला सवय, तीच उपसर्गालाही लागते, म्हणून ‘परीसर’, ‘अनूभव’ असं लिहिलं जातं. संस्कृतातून आलेले प्रति, परि, अति, अधि, अभि, वि, नि, अनु, सु, उप हे उपसर्ग बघ. एकातही दीर्घ इकार-उकार नाही! एवढं ध्यानात आलं की ढीगभर शब्द सुटतात. (‘निर्’पुढे र आला की ‘नी’ होतो, म्हणून नीरस, नीरोगी. हे तुला ठाऊक असू दे, तिसरीला नको.)

खरी अडचण प्रत्ययांची आहे, कारण मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो. पाणी, पाण्यात, घोडा, घोड्यावर, फूल, फुलात. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनुसार शेवटून दुसरा दीर्घ ईकार-ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून पाटीवर ‘बाळापूर’ आणि वाक्यात ‘बाळापुरात’. ‘शरीर’सारखे तत्सम शब्द याला अपवाद, तिथं ‘शरीरात’च. म्हणून ‘त’, ‘ला’, ‘वर’ सुटे घोकून घेण्यात अर्थ नाही. दोन्ही रूपं शेजारी लिहून बदललेल्या अक्षराभोवती मुलांकडून गोल काढून घे.

शब्द फोडायची सवय लागली की मुलं बेडूक आणि बेसनातही ‘बे’ शोधतील, हा आक्षेप खरा आहे. शोधू देत. उरलेल्या ‘डूक’ला काही अर्थ आहे का, एवढंच विचार. कसोटी त्यांची त्यांनाच सापडेल आणि वर्ग हसेल ते वेगळंच. दुसरा आक्षेप बोलीचा. घरी ‘शाळंत’ म्हणणाऱ्या मुलाचं ‘शाळेत’ लिहिताना अडतं, हे खरं. पण ‘शाळंत’ला चूक म्हणू नकोस. त्यातही ‘त’ हाच प्रत्यय आहे, फरक फक्त त्याच्या आधीच्या स्वराचा, आणि तो दाखवायला याहून सोपं उदाहरण नाही. त्यापेक्षा ‘झाडा खाली’, ‘शाळे पासून’ असं तोडून लिहिण्याकडे लक्ष दे. ते पाट्यांवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतं, आणि मुलं तेच उचलतात.

पुढच्या आठवड्यात वाचनाचा एकच धडा घे, पेन्सिलीनं रेघा मुलांनाच मारू दे. आणि चाचणीत ‘उपसर्ग म्हणजे काय?’ हा प्रश्न घालू नकोस.

तुझा,
मामा