मुलांना सांगा : चिखल, वारा आणि ४३१ किलोमीटर

चौथीच्या वर्गात मी विचारलं, "पुण्याहून नाशिकला पळत जाऊन परत यायला किती दिवस लागतील?" मुलं हसली. मग त्यांना 'स्पाइन रेस' सांगितली. इंग्लंडमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येटमपर्यंत २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटर. तेही जानेवारीत! मुदत सात दिवस. झोपलात तरी घड्याळ चालूच.

वाटेत 'मूर' लागतात, म्हणजे उंचावरची उघडी, दलदलीची माळरानं. तिथे नुसत्या थंडीपेक्षा ओल वाईट. ओल्या कपड्यांतून वारा अंगातली ऊब ओढून नेतो. (ओला रुमाल हाताला गुंडाळून पंख्याखाली धरायला लावा, मुलांना लगेच कळतं.) म्हणून पाठीवर झोपायची पिशवी, नकाशा, होकायंत्र सक्तीचं.

२०१९ साली जॅस्मिन पॅरिस ८३ तास १२ मिनिटांत पहिली आली, सगळ्या पुरुषांनाही मागे टाकून. घरी १४ महिन्यांची मुलगी होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढायची. हे मी आधी वर्गात गाळायचे, उगाच संकोच. यंदा सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी आईपण बाळाला आजीजवळ ठेवून खुरपायला जाते. पावसातपण."

पुढचा तास आम्ही तिच्या आईबद्दलच बोललो.