बॅकस्ट्रोकचे शेवटचे पाच मीटर

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघातून बॅकस्ट्रोक पोहते. भिंतीजवळ आल्यावर पाण्याखाली गेलीस तर बाद होशील, असं तिला शिकवलं आहे. पण हल्ली टीव्हीवर जागतिक स्पर्धा पाहताना दिसतं, की पुरुषांच्या बॅकस्ट्रोकमध्ये बरेच जण शेवटच्या हाताला डोक्यासकट पाण्यात जातात आणि कुणालाच बाद करत नाहीत. हे कसं चालतं?

उत्तर : तिला शिकवलं ते चुकीचं नव्हतं, पण २०२३ मध्ये नियम बदलला. शेवटच्या भिंतीच्या पाच मीटर अलीकडे जी खूण असते, ती डोक्याने ओलांडली की पोहणाऱ्याने पूर्ण पाण्याखाली गेलं तरी आता चालतं. भिंतीला हात लावताना पाठीवरच असलं पाहिजे, ही अट मात्र कायम आहे. तुमच्या मुलीच्या स्पर्धा जागतिक संघटनेच्या नियमांनुसार होत असतील, तर तिलाही ही मुभा आहे. प्रशिक्षकांना एकदा विचारून घ्या.

हा बदल का करावा लागला, ते समजून घ्यायचं तर बुडापेस्टची एक शर्यत पाहायला हवी. तारीख २५ जून २०२२, ठिकाण डॅन्यूबकाठचा दुना अरेना, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांच्या ५० मीटर बॅकस्ट्रोकची अंतिम फेरी. अमेरिकेचा जस्टिन रेस २४.१२ सेकंदांत पहिला आला. त्याचाच संघसहकारी हंटर आर्मस्ट्राँग २४.१४ सेकंदांत दुसरा, पोलंडचा अवघा सतरा वर्षांचा क्साव्हेरी मासयुक २४.४९ सेकंदांत तिसरा आणि ग्रीसचा अपोस्तोलोस ख्रिस्तू चौथा. पण निकालाची वेळ आली आणि रेसला बाद ठरवण्यात आलं. कारण हेच, की भिंतीला हात लावताना त्याचं सगळं शरीर पाण्याखाली होतं. सुवर्ण आर्मस्ट्राँगकडे गेलं, मासयुक रौप्यावर चढला आणि ख्रिस्तूला कांस्य मिळालं. अमेरिकेने दाद मागितली. चित्रण पुन्हा तपासलं गेलं, रेसला बाद करण्याचा निर्णय मागे घेतला गेला आणि प्रत्येक जण पुन्हा आपापल्या मूळ जागेवर आला. ख्रिस्तूच्या हातातलं पदक गेलं.

पहिल्या दोघांत फरक होता ०.०२ सेकंदाचा. त्या वेगाने पोहणारा माणूस एवढ्या वेळात जेमतेम चार सेंटीमीटर पुढे सरकतो. हे चार सेंटीमीटर मिळवायला पोहणारा काय करतो ते बघा. शेवटचा हात डोक्यावरून मागे टाकतानाच तो मानही मागे झोकून देतो, छातीची कमान करतो आणि दोन्ही पाय जुळवून एक जोरदार डॉल्फिन किक मारतो. खांदा पुढे गेल्याने हाताची पोच वाढते, पण त्याच झोकात डोकं, छाती, कंबर सगळं पाण्याखाली जातं. भिंतीवरचं टचपॅड पाण्याच्या वर ३० आणि खाली ६० सेंटीमीटर असतं, त्यामुळे बोटं खोलवर टेकली तरी वेळ बरोबर नोंदवली जाते. घड्याळाची काहीच अडचण नव्हती, अडचण होती ती पंचांची. तेव्हाच्या नियमानुसार सुरुवात आणि वळणानंतरचे ठरावीक मीटर सोडले तर शरीराचा निदान एखादा भाग सतत पाण्याच्या वर दिसायला हवा होता आणि शेवटच्या स्पर्शाला त्यात सूट नव्हती. उडालेल्या पाण्यात, अर्ध्या सेकंदाच्याही आत, गुडघा वर होता की पायाचा अंगठा, हे काठावर उभ्या माणसाने ठरवायचं! ज्या गोष्टीची डोळ्यांना खात्री करता येत नाही, तिच्यावर जगज्जेतेपद ठरू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणूनच बदललेला नियम मला योग्य वाटतो.

शरीर पाण्यावर दिसायला हवं, ही अट मुळात का आली, त्यालाही कारण आहे. पृष्ठभागावर पोहताना आपली बरीचशी ताकद लाटा उठवण्यात खर्ची पडते. अर्धा-एक मीटर खाली गेलं की हा विरोध खूप कमी होतो आणि चांगली डॉल्फिन किक असलेला माणूस खालून जास्त वेगाने जातो. हार्वर्ड विद्यापीठाच्या डेव्हिड बर्कॉफने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये हे साऱ्या जगाला दाखवून दिलं. १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचे सुमारे ३३ मीटर तो पाण्याखालूनच जायचा. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानच्या दाइची सुझुकीने तेच अस्त्र त्याच्यावर उलटवलं. नेहमीपेक्षा जास्त अंतर पाण्याखाली काढून सुझुकीने ५५.०५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं, तर बर्कॉफ ५५.१८ सेकंदांसह दुसरा आला.

त्यानंतर जागतिक संघटनेने पाण्याखालच्या अंतराला आधी १० मीटरची आणि १९९१ पासून १५ मीटरची मर्यादा घातली. याच सुमाराला वळणावर भिंतीला हाताने स्पर्श करण्याची सक्तीही गेली. काही जणांना ही मर्यादा म्हणजे कल्पक खेळाडूंवरचा अन्याय वाटतो. मला तसं वाटत नाही. तलावाची लांबी ५० मीटर असताना त्यातले ३३ मीटर पोहणारा दिसलाच नाही, तर त्या शर्यतीला बॅकस्ट्रोक कसं म्हणायचं? शिवाय १५ मीटरची खूण लेनच्या दोरावर असते आणि डोकं कुठे वर आलं, हे काठावरून स्पष्ट दिसतं. पाच मीटरचंही तसंच आहे. भिंतीपासून पाच मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर पताकांची माळ आडवी बांधलेली असते. बॅकस्ट्रोकवाल्याला भिंत दिसत नाही, म्हणून तो पताका दिसल्यापासून हात मोजत येतो. नव्या नियमाने हीच माळ पंचांच्याही कामी आली.

मुलीला एक सांगून ठेवा. मुभा आहे म्हणून पताकांपासूनच खाली जायचं नसतं. किक कमकुवत असेल तर त्या पाच मीटरमध्ये वेग वाढण्याऐवजी मरतो. पाठीवरून कुशीवर ९० अंश किंवा त्याहून जास्त कलणं हे तर आजही बाद होण्याचं कारण आहे आणि पाण्याखाली घाई झाली की शरीर नेमकं तिकडेच कलतं. पताकांपासून आपले किती हात बसतात ते आधी पक्कं करावं आणि डुबकी फक्त शेवटच्या हातासाठी राखावी.

ख्रिस्तूचं पुढे काय झालं, हे विचारावंसं वाटलं असेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवलं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

५० मीटर बॅकस्ट्रोक आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा असेल. या शर्यतीत वळण नसतं. सुरुवातीचे १५ आणि शेवटचे ५ असे २० मीटर पाण्याखालून जायची परवानगी धरली, तर सक्तीने पाण्यावर पोहायचे उरतात फक्त ३० मीटर.