डोपामाइन : स्राव आणि नियमन

प्रास्ताविक

चेतापेशीत संदेश विद्युत-आवेगाच्या रूपाने वाहतो. मात्र दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही फट ओलांडण्याचे काम रासायनिक द्रव्ये करतात. त्यांना चेतापारेषक अशी संज्ञा आहे. डोपामाइन हे त्यांपैकी एक होय.

निर्मिती व स्राव

टायरोसिन या अमिनो आम्लापासून पेशीत प्रथम एल-डोपा व त्यापासून डोपामाइन तयार होते. काही पेशींत त्याचेच पुढे नॉरॲड्रिनॅलिन बनते. तयार डोपामाइन अक्षतंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवले जाते. आवेग तेथे पोहोचला की कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पिशव्या पेशीच्या आवरणाला मिळतात आणि डोपामाइन फटीत मोकळे होते. पुढच्या पेशीवरील ग्राहींशी ते जोडले गेले की संदेश पोहोचतो.

नियमन

संदेश पोहोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर थांबणेही महत्त्वाचे असते. हे कार्य तीन प्रकारे होते :

१. फटीतील बरेचसे डोपामाइन मूळ पेशी परत शोषून घेते.
२. काही डोपामाइनचे विकरांकडून विघटन होते.
३. मूळ पेशीवरही ग्राही असतात. फटीत डोपामाइन वाढल्याचे त्यांच्यामार्फत कळताच पेशी पुढील स्राव कमी करते.

एक उदाहरण

सर्पगंधा ही भारतीय औषधी वनस्पती आपल्या परिचयाची आहे. तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य पिशव्यांतील साठवण रोखते. 1957 मध्ये स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. तोपर्यंत डोपामाइन हा नॉरॲड्रिनॅलिनच्या निर्मितीतील केवळ एक टप्पा मानला जात असे. 1960 मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी कमतरता आढळली. रक्तातील डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा मात्र शिरते. म्हणून रुग्णांना एल-डोपा देण्यात येऊ लागले. त्याने हालचाल सुधारते, परंतु नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पार्किन्सनच्या रुग्णाची मंद चाल किंवा भावशून्य दिसणारा चेहरा म्हणजे आळस अथवा बेपर्वाई नव्हे. मनात इच्छा असते. ती हालचालीत उतरवणारी यंत्रणा दुबळी झालेली असते. वर्तनावरून स्वभावाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यामागील शारीरिक आधार तपासावा, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकाने सदैव ध्यानी ठेवावे.

आपली प्रगती तपासा

१. डोपामाइनचा स्राव कोणत्या क्रमाने होतो?
२. पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइनऐवजी एल-डोपा का देतात?