सहनशक्तीचं कौतुक पुरे

मिरज

चि. मुग्धा हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मला काही झालेलं नाही, नुसता थकवा आहे." आणि मग बोलता बोलता सांगितलंस की विळीवर कापलेलं बोट अजून भरत नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, गाडीत कुणाचा धक्का लागला तरी रडू येतं. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. अशा तक्रारी मला सुट्या सुट्या ऐकूच येत नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी बोटाचं. या आठवड्यात एक रजा टाक आणि रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब एवढं तपासून घे. तुझ्या आईचा मधुमेह लक्षात ठेव, चालढकल नको. पण सगळे आकडे नीट आले तरी "म्हणजे काही नाही" असं समजू नकोस; ताणानेही जखम लवकर भरत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तुझ्यासारख्याच बायका अभ्यासाला घेतल्या होत्या. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाचं सगळं करणाऱ्या १३ जणी, आणि वयाने, मिळकतीने त्यांच्यासारख्याच, पण ही जबाबदारी नसलेल्या १३ जणी. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, पण वॉर्डात वर्षानुवर्षं रुग्णांच्या उशाशी बसलेल्या सुना-लेकी पाहिल्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

तू म्हणशील, सासूबाईंचं मी मनापासून करते, मग ताण कसला? करतेस, हे मला माहीत आहे. लग्नानंतर त्यांनी तुला किती जपलं तेही मी पाहिलंय. पण शरीर हेतू बघत नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली माँट्रियलमध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो, अतिश्रम असोत की औषधाची जादा मात्रा, उंदरांच्या शरीरात बदल तेच झाले: मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथी सुजल्या, जठरात व्रण पडले. आपल्यातही त्याच ग्रंथी संकटकाळी अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. संकट टळलं की हे ओसरावं, अशी ही रचना आहे. तुझ्याकडे ते ओसरायला वेळच मिळत नाही. सकाळी सासूबाईंची आंघोळ, मग डोंबिवलीहून सव्वा तासाची लोकल, ऑफिस, परतताना "आज गॅस चालू ठेवला नसेल ना" ही धास्ती, आणि रात्री त्या "घरी जायचंय" म्हणत दार वाजवतात.

सगळे तुला प्राणायाम सांगतील. कर. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ दे, छातीची धडधड त्याने खरंच खाली येते. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. पण भार आहे तेवढाच ठेवून नुसती सहनशक्ती वाढवत नेणं मला मान्य नाही. आपल्या घरांतून बायकांच्या सहनशक्तीचं फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकापायी कुणी त्यांच्या हातातलं एक भांडंही उचलून घेत नाही. तुला शांत राहायला शिकण्याआधी कामं वाटून द्यायला शिकावं लागेल.

समीररावांशी बस आणि बोल. ते "मी मदत करतो" म्हणतात. आई त्यांची आहे, मुग्धा, तेव्हा ही मदत नव्हे, त्यांचा वाटा आहे. रात्री वाटून घ्या: सोमवार, बुधवार, शुक्रवारी त्यांनी आईंच्या खोलीत झोपायचं आणि तू दुसऱ्या खोलीत दार लावून. दार वाजलं तरी त्या रात्री तू उठायचं नाही, हे पहिले काही दिवस फार जड जाईल. तरी कर. सलग झोपेशिवाय बाकीचं काहीच लागू पडत नाही. पुण्याच्या नणंदबाईंना यायला जमत नसेल तर ब्युरोमधून दिवसाची बाई ठेवायला पैसे मागा. मागायला संकोच वाटतो म्हणून तू आजवर गप्प आहेस, हे मी ओळखून आहे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. "हेच घर आहे" असं दहादा सांगून त्यांना पटणार नाही, उलट त्यांची भीती वाढेल. "चहा घेऊ, मग बघू" म्हणावं आणि विषय बदलावा. दिवेलागणीला स्मृतिभ्रंशात बेचैनी वाढते, तेव्हा घरात भरपूर उजेड ठेवा, टीव्हीचा आवाज कमी करा. तुझी निम्मी दमछाक या वादांत होते.

आणखी एक गोष्ट. लंडनच्या सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी झाली, मायकेल मार्मट यांचं नाव त्यामुळे झालं. वरच्या साहेबांपेक्षा सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कितीतरी जास्त निघाले, आणि सिगरेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक उलगडला नाही. स्वतःच्या कामावर स्वतःचं काही चालत नाही, याचाही त्यात मोठा वाटा असल्याचं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. तुझा आख्खा दिवस दुसऱ्यांनी ठरवलेला असतो. म्हणून रोज अर्धा तास असा काढ की त्यात काय करायचं ते फक्त तू ठरवशील. पेटी उघड, खाडीपर्यंत चालत जा, काहीच न करता बस. त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं तर उत्तर देत बसू नकोस.

दोन आठवडे सलग कशातच जीव रमला नाही, किंवा "झोपेतून उठूच नये" असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी मला फोन कर आणि डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून चालते, मराठीत बोलता येतं.

दिवाळीनंतर मी पंधरा दिवस तुझ्याकडे येते. आईंचं सगळं मी बघेन, त्यांची-माझी गट्टी आहेच. तू मात्र त्यातले चार दिवस तुझ्या आईकडे जाऊन राहायचं, लॅपटॉप न घेता. तिकीट आताच काढून ठेव. आणि तपासणीचे रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव, मला अजून वाचता येतात.

तुझी,
शालूमावशी